रेक्झिनच्या भिंती

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात आमची आई नागपूरला जाऊन आली. यात सांगण्यासारखे काय, असे वाचकांना वाटेल. आपल्या औरंगाबादहून, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरहून, नागपूरला रोज कितीतरी माणसे जातात. पण आईच्या खुब्याचे हाड २०२२ मध्ये मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, वॉकर धरून ती घरात चार पावले टाकू लागली. मात्र अर्ध्या तासाहून जास्त वेळ बसणे तिला जमेना. आमची धाकटी मावशी नागपूरला इंदोऱ्यात राहते. तीही थकलेली. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर आई बराच वेळ गप्प पडून राहायची.

आम्ही म्हणालो, अॅम्ब्युलन्स करू, झोपूनच जाता येईल. आईने मान हलवली. "अॅम्ब्युलन्समधी नगं. दारात ती गाडी थांबली की तिला वाटंल, बहिणीचं मढंच आलं. जित्या माणसावानी न्यायचं असंल तर न्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

आम्ही दोघे भाऊ शहागंजात, टॉवरच्या मागच्या अंगाला एका गल्लीत, कुशनचे काम करतो. रिक्षाचे हूड, मोटारसायकलच्या सीटा, जीपची गादी, टेम्पोचे केबिन, जे येईल ते. तीस वर्षे लोकांच्या गाड्या आम्ही सजवल्या, स्वतःची एकही नव्हती. आईचे बोलणे ऐकून त्या रात्री आम्ही ठरवले, की जुनी ट्रॅव्हलर गाडी घ्यायची आणि आतून तिची खोली करायची. महामंडळाकडून कर्ज मिळेल का, पतपेढीचा हप्ता किती बसेल, यावर घरात महिनाभर बोलणे चालले. शेवटी आमच्या घरच्या दोघींनी भिशीचे पैसे काढून दिले तेव्हा गाडी दारात आली.

या कामात आम्हाला जे कळले ते इथे लिहितो आहोत, कारण घरात आजारी वा म्हातारे माणूस असलेल्या अनेकांना त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट कायद्याची. गाडीतल्या सीटा काढून पलंग बसवायचा तर नोंदणीच्या कागदावरची आसनसंख्या बदलते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परस्पर करता येत नाही. आम्ही आधी आरटीओत अर्ज दिला, परवानगीचा कागद हाती आला आणि मगच पाना हातात घेतला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले आहे. त्यात पलंग, स्वयंपाकघर, संडास असलेल्या मोठ्या गाड्या येतात. आमची गाडी त्या तोलाची नव्हे. आम्हाला फक्त आईला आडवे होऊन, अब्रूने जाता येईल एवढेच हवे होते.

सीटा निघाल्या, जुने पत्रे आणि पुठ्ठे निघाले, आणि गाडीची खरी भिंत दिसली. बाहेरून गुळगुळीत दिसणारी गाडी आतून नुसत्या लोखंडी फासळ्यांची असते. फासळ्यांच्या मध्ये पोकळी, पोकळीत धूळ, कोपऱ्यांत गंज. हा गंज घासून, रेड ऑक्साइड मारून, वरून रंग दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर रेक्झिन चढले की आतला गंज कुणाला दिसत नाही. तो मात्र आपले काम करतच राहतो. दाराच्या आणि भिंतीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती हौसेने बुजवणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. ती मोकळीच ठेवावीत.

मग फर्मा. प्रत्येक भिंतीचा जाड पुठ्ठ्याचा फर्मा काढला. गाडीत एकही रेघ सरळ नसते. डावी बाजू उजवीला जुळेल असे धरून चालू नये. फर्म्यावरून ४ मिलिमीटरचे पाणी न लागणारे प्लायवूड कापले. रेक्झिन दुमडून मागे जाते तेवढी जागा सोडायची असते, म्हणून प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर लहान ठेवला. कडांना वॉर्निश पाजले, कारण प्लायवूड पाणी पिते ते कडेने.

प्लायवूडवर फोम, फोमवर रेक्झिन. भिंतीला ५ ते ६ मिलिमीटरचा फोम पुरे होतो. जाड फोमने खोली मऊ दिसते, पण जागा खाल्ली जाते आणि कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात. रेक्झिन ताणताना आधी मधून चिकटवत बाहेर यायचे. घाईने कडा आधी धरल्या, तर मधली हवा कुठे जाणार? थंडीच्या दिवसांत रेक्झिन ताठ असते, म्हणून ते तासभर उन्हात पसरून घ्यावे. मग ते हाताचे ऐकते. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर मागच्या बाजूने लहान लहान चुण्या पाडायच्या, आतल्या कोपऱ्यावर कात्रीचा छेद द्यायचा, पण तो कडेपासून थोडा अलीकडेच थांबवायचा. मागे टॅकर गनने पिना मारायच्या, त्याही ४ मिलिमीटरचे प्लायवूड फोडून पुढे येणार नाहीत अशा आखूड, तिरक्या धरून.

इथे आईची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्यापैकी थोरला १९९३ मध्ये, दहावी नापास झाल्यावर, शहागंजातल्या एका उस्तादांकडे हे काम शिकायला जाऊ लागला. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आईला कळले तेव्हा ती कडाडली. "कातड्याचं काम? पुन्हा?" आमच्या पणजोबांच्या काळी गावातली मेलेली ढोरे ओढणे आपल्याच माणसांच्या वाट्याला होते. १९२७ च्या महाड परिषदेनंतर बाबासाहेबांचा शब्द खेड्यापाड्यांत पोचला आणि आपल्या लोकांनी ते काम टाकले. त्यापायी गावाने बलुते बंद केले, घरात उपास पडले, तरी टाकले. हे आईने तिच्या सासूकडून ऐकलेले होते. तेव्हा तिचा राग आम्हाला समजत होता.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने रेक्झिनचा एक तुकडा घरी आणला आणि उलटा करून आईच्या हातात दिला. "आई, मागची बाजू बघ. हे कातडं न्हाई. कापड हाय." आईने मागच्या बाजूवरून बोट फिरवले. विणलेले सुती कापड, त्याच्यावर रबरासारखा थर, आणि त्या थरावर चामड्याच्या सुरकुत्यांचा नुसता ठसा. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कापडाचे नाव. त्या कापडावर कापसापासून केलेल्या रसायनाचा लेप असे. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने कडक पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती शोधली, आणि आजचे रेक्झिन त्या पीव्हीसीचे असते. नाव तेवढे जुने राहिले. यात जनावर कुठेच नाही. आईने तुकडा परत दिला आणि म्हणाली, "शिक. पण करशील ते मागून बी चांगलं कर."

योगायोग असा की चाचाही तेच शिकवायचे. काम झाले की ते आधी पॅनल उलटे करून बघत. "गिराहक सीधी बाजू देखता, बेटा. उस्ताद उल्टी देखता." चाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा आमच्या शेजारीच दुकान चालवतो, आणि आईच्या गाडीसाठी पायपिंगची मशीन त्याने आठवडाभर आमच्याकडे ठेवली. भाडे विचारले तर रागावला.

इतके शिकूनही आमच्या हातून चूक झालीच. भिंतींना आम्ही प्लायवूडची पॅनले केली, पण छताला वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी फोम आणि रेक्झिन सरळ पत्र्यावरच सोल्युशनने डकवले. फेब्रुवारीत ते आरशासारखे दिसत होते. मे महिन्यात गाडी तीन दिवस उन्हात उभी राहिली. चौथ्या दिवशी दार उघडले तर छत पोटासारखे खाली लोंबलेले. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन आणि वर तापलेला पत्रा. साधे सोल्युशन त्या उष्णतेत मऊ पडून सुटले. दुसऱ्याच्या गाडीत असे झाले असते तर आम्ही गिऱ्हाइकाला गाडी उन्हात ठेवल्याबद्दल चार शब्द सुनावले असते! आपल्याच आईच्या डोक्यावर छत लोंबलेले पाहून मात्र मान खाली गेली.

सगळे ओढून काढले. पत्र्याला चिकटलेला फोमचा चिकट चुरा खरवडण्यातच दोन दिवस गेले. मग पत्र्याखाली बंद छिद्रांच्या फोमचा थर दिला, ज्यात पाणी शिरत नाही आणि उष्णता अडते. त्याखाली ३ मिलिमीटर प्लायवूडची तीन पॅनले, रेक्झिन मागे दुमडून पिनांनी धरलेले, आणि पॅनले फासळ्यांना वाटीच्या वायसर घालून स्क्रूने कसलेली. डोक्यावरच्या कामात नुसत्या सोल्युशनवर भरवसा ठेवू नये, हा धडा आम्ही तीस वर्षांच्या अनुभवानंतर शिकलो. सोल्युशन वापरावे ते उष्णता सोसणारे. दोन्ही बाजूंना लावावे आणि हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबूनच जोडावे. हे काम उघड्यावर करावे. त्याच्या वाफेने डोके धरते, लहान मुलांना तर जवळही येऊ देऊ नये.

स्क्रूचा आणखी एक फायदा आहे. रेक्झिनमधून हवा जात नाही. रात्री माणसे आत झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जाऊन पाणी होते. पॅनल आणि पत्रा यांच्यात थोडी फट आणि वर-खाली हवेला वाट हवी, आणि वर्षातून एकदा पॅनले उघडून मागे बघता आले पाहिजे. विजेच्या ताराही मागूनच जातात. त्या नळीतून न्याव्यात, प्रत्येक फाट्याला फ्यूज ठेवावा, आणि तारेवर पिन मारली जात नाही ना हे दोनदा पाहावे.

आगीचेही ध्यान ठेवावे. रेक्झिन पेटले तर त्याचा धूर घसा जाळणारा असतो. गाडीच्या आतल्या वस्तूंच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. त्याप्रमाणे तपासलेला माल थोडा महाग पडतो, पण तोच मागावा. आम्ही गाडीत शेगडी ठेवलीच नाही. चहा थर्मासमधला.

रंग घरच्या दोघींनी निवडला. आम्ही तपकिरी धरून बसलो होतो, मळखाऊ म्हणून. त्या म्हणाल्या, "तुम्ही गिऱ्हाइकाचा विचार करता. आईंना दिवसभर झोपून तीच भिंत बघायचीय." फिकट मोतिया रंग ठरला, खाली एक निळी पट्टी. आईच्या हाताशी औषधे, चष्मा आणि पाण्याची बाटली राहील असा खिसा त्यांनीच शिवला. पलंगाला दोन पट्टे लावले, छातीशी एक आणि कमरेशी एक, कारण झोपलेल्या माणसालाही गचका बसतो. मागच्या कोपऱ्यात पडदा आणि खुर्चीचे भांडे. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत ते का, हे आम्हा पुरुषांना त्या कोपऱ्याने शिकवले.

निघण्याच्या आदल्या दिवशी आईला गाडीत नेऊन झोपवले. तिने भिंतीवर हात फिरवला, छताकडे पाहिले. मग म्हणाली, "एक फळी काढून दाव." आम्ही डोक्याजवळचे पॅनल उघडून तिच्यापुढे उलटे धरले. दुमड सारखी होती, पिना एका रांगेत होत्या, कडेला वॉर्निश होते. तिने चष्मा लावून सगळे नीट पाहिले. काही बोलली नाही. पॅनल परत लावायला सांगितले.

सावंगीजवळ आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. शिर्डीपासून नागपूरपर्यंतचा तो भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला नसता, तर हे धाडस आम्ही केले नसते. चारशे किलोमीटरांहून जास्त अंतर. आम्ही दर दोन तासांनी थांबलो, आईला कुशीवर वळवले. वाटेत ती झोपलीही. एक हात सबंध वेळ भिंतीला टेकलेला होता.

इंदोऱ्यात मावशीच्या दारापर्यंत गाडी गेली. आईला उतरवायच्या आधी मावशीच काठी टेकत पायरी चढून आत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. दोघी काही वेळ नुसत्या रडल्या. मग मावशीने डोळे पुसून इकडेतिकडे बघितले आणि म्हणाली, "अगं, ही तर खोलीच हाय."

आई म्हणाली, "पोरांनी केली. मागून बी चांगली हाय. मी बघितलीय."