शाहिरांना फक्त गाडीभाडं?

शीतल साठे आम्हा संग्रामपूर तालुक्यातल्या पोरांना कळल्या त्या आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मधून. त्या गाणार, सचिन माळी लिहिणार, अशी ही कबीर कला मंचातली नवरा-बायकोची जोडी. नक्षलवादाचा आरोप आणि यूएपीए लागला. २ एप्रिल २०१३ ला दोघं विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले आणि ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे म्हणाले. शीतलताई गरोदर होत्या, त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन माळींना जानेवारी २०१७ उजाडावं लागलं. मधली साडेतीन वर्षं गाणारी बाहेर, लिहिणारा आत! पुढे दोघांनी 'नवयान महाजलसा' उभा केला.

आता आपल्या जयंतीचं बघा. डीजेवाल्याला आपण आगाऊ रक्कम देतो, तीही घासाघीस न करता. जलसाकाराला मात्र विचारतो, 'समाजाचंच काम आहे, गाडीभाड्यात जमवा ना?' ढोलकीवाल्याला घर नसतं का? भीमराव कर्डकांच्या जलशाचा वारसा भाषणात सांगायचा अन् जिवंत शाहिराला चहावर परत पाठवायचं, हे आम्हाला पटत नाही. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीत आम्ही मानधनाचा आकडा आधी लिहिणार आहोत. डीजेचं काय ते उरलेल्या पैशात बघू.