नवख्या स्टॅलियनसाहेबांस

नाहूर, मुंबई

रा. रा. नवखे स्टॅलियनसाहेब यांसी,
स. न. वि. वि.

आपण यंदा पुन्हा आलात, असं कळलं. नाव नवं, बाप परदेशातला नामांकित, कपाळावर चांदणी. पुण्याकडच्या एका मित्राने व्हॉट्सअॅपवर आपला फोटो पाठवला आणि खाली फी लिहिली. सिद्ध झालेल्या स्टॅलियनच्या निम्म्याहून कमी. आपण येता ते नेहमी असेच, स्वस्तात आणि फोटोत एका बाजूने.

2014 सालीही आपण आला होतात. तेव्हा नाव वेगळं होतं, ऐट हीच. आम्ही ऑफिसातले पाच जण एका निवृत्त घोडीचे वाटेकरी. तिला आपल्याकडे पाठवली. कृत्रिम रेतन या धंद्यात चालत नाही, समक्षच यावं लागतं, हे आपण जाणताच. अकरा महिन्यांनी, 2015च्या सुरुवातीला, शिंगरू झालं. आम्ही पेढे वाटले. (हिने विचारलं, "मुलगा की मुलगी?" मुलगी.)

तक्रार इथून पुढची. पोर पळायला निघेपर्यंत 2017 उजाडून सरत आलं. तोवर वाट बघत बसायची आमची ऐपत नव्हती, म्हणून घोडी दर वर्षी आपल्याकडेच जात राहिली. थोरली ट्रॅकवर आली तेव्हा दुसरं खोगिराची सवय करून घेत होतं, तिसरं आईच्या मागे होतं आणि चौथं पोटात. एका निकालात चौघांचा भाव ठरला, साहेब. पोटातल्याचासुद्धा.

तो रविवार अजून आठवतो. स्लो गाडीने दादर, पूल ओलांडून पलीकडे, मग महालक्ष्मी. पॅडॉकमध्ये मोतद्दार तिला फिरवत होता. अंगावर तजेला, कान टवकारलेले, आणि पुढचे दोन्ही गुडघे किंचित आत. मोतद्दाराने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "गुडघे बापाचे आलेत." अकरा घोड्यांत नववी आली. जाताना तिकिटं फाडायचं भान राहिलं नाही. आठवडाभर ती शर्टाच्या खिशात होती.

आता आपल्यावर अन्याय नको. एप्समची 1990 सालची डर्बी राझीन फेव्हरिट म्हणून पळाला आणि मागे पडला. तोच पुढे इथे, उषा स्टडवर, वर्षानुवर्षं देशातला अव्वल बाप ठरला. उलट अमेरिकेतल्या सिगारने सलग 16 शर्यती जिंकल्या, आणि पुढे 34 घोड्यांपैकी एकही गाभण राहिली नाही. तिथे आड काठोकाठ भरलेला होता, पोहराच गळका निघाला. स्वतः पळणं हा एक गुण आणि पळणारी पोरं देणं हा दुसरा. पहिल्याचे पुरावे आपल्याजवळ फाइलभर आहेत. दुसऱ्याचा कागद कोराच. मुलीसाठी स्थळ बघताना मुलाचा पगार विचारतात, नातवंडांचा कोण विचारतो?

तर विनंती अशी. आमची ती नववी आलेली पोर विकली नाही. विकली गेली नाही, असं म्हणणं जास्त खरं. आता तीच घोडी आहे, दहाच्या पुढची, आणि पाचातले आम्ही तिघे उरलोय. पत्रिका पाहिली आहे, आपल्यात नातं फार लांबचं. तेव्हा तिला पाठवावी की नाही, ते आपणच कळवावं. शक्य असल्यास समोरून काढलेला एक फोटो पाठवावा, गुडघे दिसतील असा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाहूरचा एक तृतीयांश मालक

ता. क. फोटो काल रात्री पुन्हा मोठा करून पाहिला. खांदा मात्र झकास आहे. आगाऊ रकमेचा चेक लिहून ठेवलाय. तारीख घातलेली नाही.