छातीवरचा डाग : काही टिपणं

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. जन्म ११ सप्टेंबर १८९५चा. या गावाचं नाव निघालं की मला त्यांचे धाकटे भाऊ बाळकोबा आठवतात. त्यांना क्षय झाला होता आणि ते त्यातून उठले. मार्च १९४६मध्ये गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, ते पुढे मणिभाई देसाईंच्या जोडीनं बाळकोबांनी सांभाळलं. इतकं सोसलेला माणूस दुसऱ्यांच्या दुखण्यात रमला, याचं मोल मला फार वाटतं.

•

क्षयाचा औषधाआधीचा हिशेब असा होता : थुंकीत जंतू दिसणाऱ्या दहा रोग्यांपैकी सुमारे सात जण दहा वर्षांत जात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये हा जंतू दाखवला. डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानंच वारल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. जंतू सापडून पाच वर्षं होत आली होती, पण त्याच्यावर चालणारं औषध यायला १९४०चं दशक उजाडावं लागलं.

मग उरलेले तिघं कशानं वाचत? चांगली हवा, दूध आणि विश्रांती जंतू मारत नाहीत. त्याला आवरतात त्या शरीराच्या पेशी. म्हणून बाळकोबांचं बरं होणं मी औषधाविरुद्धचा पुरावा मानत नाही. शरीरात काय धमक असते याचा मानतो.

•

खोकल्यातून उडालेला अगदी बारीक थेंब फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशात उतरतो. तिथल्या भक्षक पेशी जंतू गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीतल्या पाचक रसांत विरघळतो. क्षयाचा जंतू मात्र मेणचट कवचाचा. तो त्या रसांची पिशवी आपल्याशी जुळूच देत नाही आणि गिळणाऱ्याच्याच पोटात वाढतो. साधारण वीस तासांत एकाचे दोन. सावकाश, पण थांबत नाही.

•

खबर पोचायलाही वेळ लागतो. काही पेशी जंतूचे अंश घेऊन छातीतल्या लसिका ग्रंथींत जातात, तिथे टी पेशी त्याची ओळख पटवून घेतात आणि मग फुफ्फुसाकडे निघतात. माणसात या सगळ्याला तीन ते आठ आठवडे लागतात. तोवर घरात कुणाला काही जाणवतही नाही.

टी पेशी येतात त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू सोडत. त्यानं भक्षक पेशींना जोर चढतो, अडलेलं पचन सुरू होतं. जे जंतू तरीही उरतात त्यांच्याभोवती पेशींची गाठ जमते : मध्ये भक्षक पेशी, काही एकमेकींत मिसळून राक्षसी झालेल्या, बाहेर टी पेशींचं कडं. गाठीचा गाभा मरतो आणि कुस्करलेल्या पनीरासारखा भुसभुशीत होतो. पुढे त्यात चुना साठतो. एक्स-रे पाहून डॉक्टर ‘जुना डाग आहे’ म्हणतात तो बहुधा हाच.

लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. बाकीच्यांची गाठ टिकते.

•

गाठ कशानं सुटते? एचआयव्हीनं टी पेशी घटतात. मधुमेह, तंबाखू, दगडाची धूळ, उपासमार. सांधेदुखीवरची काही नवी औषधं टीएनएफ हा रेणू अडवतात. ती घेणाऱ्यांत दबलेला क्षय वर येतो, म्हणून आधी तपासणी करतात. गाठ बांधून ठेवायला हाच रेणू लागतो. रोग भडकला की ताप आणि रोडावणं यांतही त्याचा हात.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. फुफ्फुसात पोकळी पडते ती बरीचशी शरीराच्या स्वतःच्या माऱ्यानं. गाभा पातळ होऊन श्वासनलिकेत फुटतो, मोकळ्या हवेत जंतू बेसुमार वाढतात आणि बेडक्यातून बाहेर पडतात.

•

लागण ओळखायची मॅन्टू चाचणी : कोपराखाली कातडीत सुई अगदी आडवी, जंतूच्या प्रथिनांचा ०.१ मिलिलिटर अर्क, फिकट फुगवटा. ४८ ते ७२ तासांनी वाचायची. लाली मोजत नाहीत. बोटानं चाचपून टणक भागाच्या कडा धरतात, पट्टी आडवी लावतात. तो टणकपणा म्हणजे जंतू ओळखणाऱ्या टी पेशींची गर्दी. जंतू ओळखीचा आहे इतकंच ती सांगते. रोग आहे की नाही, ते नाही.

•

बीसीजी ही क्षयाची लस १९२१पासून आहे. लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती चांगली जपते. मोठ्यांच्या फुफ्फुसाचं काय, हे पाहायला तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८पासून प्रचंड चाचणी झाली. तिथे संरक्षण मिळालं नाही.

•

झारखंडमधली ‘राशन्स’ चाचणी, निष्कर्ष २०२३चे. रोग्याच्या घरातल्या माणसांना दरमहा मोठ्या माणसामागे पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी, तपासणीत जंतू सापडलेला फुफ्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. टी पेशी घडवायला प्रथिनं लागतात, त्याच्याशी हे जुळतं.

पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांसाठी मी हा आकडा जपून ठेवलाय. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. क्षयाचा कोर्स निदान सहा महिन्यांचा. वाडी सोडताना रोग्याच्या गोळ्या भट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात चालू व्हाव्यात अशी चिठ्ठी आशाताईनं हातात द्यावी, घरच्यांची तपासणी निघण्याआधी उरकावी, आणि तांदूळ-डाळ भट्टीवरच मिळावी.