तिकडचं तिकडे

“तिकडचं तिकडे मिटवून टाका. इथे कोणाला कळायला नको.”

आम्ही घटस्फोट घ्यायचं ठरवलंय हे मी इंदूरला फोन करून सांगितलं, तेव्हा बराच वेळ गप्प राहून आई एवढंच म्हणाली. मी तेव्हा इंग्लंडमध्ये, रेडिंगला होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मारहाण नाही, फसवणूक नाही, मूल नाही. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. घरभाडं आणि किराणा सोडला तर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो माझ्या व्हिसावर अवलंबून होता, म्हणून आधी त्याने स्वतःचा वर्क व्हिसा मिळवला. वेगळं झाल्याचं तिथल्या गृहखात्याला कळवावं लागतं आणि अवलंबून असलेल्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. मग आम्ही दोन घरं केली.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात आईसारखंच होतं. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये घटस्फोटासाठी कोणावर दोष ठेवावा लागत नाही. दोघांनी मिळून ऑनलाइन अर्ज करायचा, २० आठवडे थांबायचं, मग सशर्त आदेश आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतिम आदेश. मी एक्सेलमध्ये तारखासुद्धा मांडल्या. सहा-सात महिन्यांत मोकळे, इंदूरला पत्ताही लागणार नाही.

बाबांनी मात्र त्यांच्या ओळखीच्या वकीलकाकांशी बोलायला लावलं. काकांनी विचारलं, “लग्न कुठे लागलं?”

“रामबागेत.”

“मग कायदाही रामबागेतून तुझ्याबरोबर विमानात बसला, बेटा.”

१९५५ चा हिंदू विवाह कायदा भारतात कायमचं घर असलेल्या हिंदूंना परदेशातही लागू राहतो. परदेशी कोर्टाचा निकाल इथे केव्हा मानायचा, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहे. काकांनी एक जुना खटला सांगितला. १९७५ साली तिरुपतीला लग्न झालेल्या एका गृहस्थाने अमेरिकेत मिसुरी राज्याच्या कोर्टातून घटस्फोट घेतला आणि दुसरं लग्न केलं. पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार मानलाच नव्हता. तिने इथे द्विभार्येची तक्रार केली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परदेशी घटस्फोट मानायला नकार दिला. ज्या कायद्याने लग्न झालं, त्याच कायद्यातलं कारण हवं, आणि समोरच्याने त्या कोर्टात मनापासून भाग घेतलेला हवा किंवा घटस्फोटाला संमती दिलेली हवी, असा त्या निकालाचा सारांश. इंग्लंडमधलं कारण म्हणजे ‘संसार मोडला आहे’. आपल्या कायद्यात ते स्वतंत्र कारण अजून नाही.

“तुमची दोघांची संमती आहे, त्यामुळे तिकडचा निकाल टिकेलही,” काका म्हणाले. “पण उद्या दुसरं लग्न, घराचे कागद, वारसा, कुठेही कोणी शंका काढली, तर पुन्हा कोर्टात उभं राहायचं. इथे कलम १३-ब आहे, परस्पर संमतीचं. तो निकाल दोन्हीकडे चालेल.” ते खरं होतं. दोघांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असला, तरी भारतीय कोर्टाने रीतसर दिलेला घटस्फोट इंग्लंड १९८६ च्या कायद्याने मान्य करतं.

म्हणजे मार्ग होता, पण तो आमच्या गल्लीतून जात होता.

कलम १३-ब साठी आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. ते झाल्यावर जानेवारीत आम्ही दोघं सुट्टी काढून इंदूरच्या कुटुंब न्यायालयात आलो. लग्नाचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, इंग्लंडमधल्या दोन पत्त्यांचे पुरावे दिले. दागिने आणि रेडिंगच्या खात्यातले पैसे यांची वाटणी अर्जातच लिहिली. पहिला जबाब झाला. नेमकी संक्रांत होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आई सांगत होती, “सुट्टीवर आलीय.” मी तिळगूळ वाटत होते.

दुसऱ्या जबाबाआधी सहा महिने थांबायचं असतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की परिस्थिती पाहून ही मुदत माफ करता येते, आणि येणं शक्य नसेल तर व्हिडिओवरून जबाब किंवा आईवडील, भावंडं यांच्यामार्फत बाजू मांडणंही चालू शकतं. आम्ही मुदत माफ करायला सांगितली नाही. व्हिडिओची परवानगी मात्र मागितली आणि बाबांच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवलं.

जुलैमधली सकाळ, माझ्याकडचे सात. पडद्यावर कोर्टाची खोली आणि कडेला बाबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कागदांची पिशवी. लग्नात माझा हात त्यांनीच दिला होता. न्यायाधीशांनी विचारलं, ही तुमचीच मुलगी ना? बाबा म्हणाले, “हो, माझीच.” आवाज स्थिर होता. मग मला विचारलं, कोणाचा दबाव आहे का? मी नाही म्हटलं. तोही दुसऱ्या चौकटीतून नाही म्हणाला. दहा मिनिटांत संपलं. बाहेर येऊन बाबांनी फोन केला, “झालं. आता काहीतरी खाऊन घे.”

माझ्या वयाच्या मंडळींसाठी चार गोष्टी. परदेशी कोर्टाची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. वकिलाला विचारल्याशिवाय उत्तरही देऊ नका, कारण तिथे वाद घातला म्हणजे त्या कोर्टाचा अधिकार मानला असं धरलं जाऊ शकतं. निकालाच्या शिक्क्याच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या काढून ठेवा. आणि मूल असेल तर दुसऱ्याला न सांगता त्याला घेऊन देश सोडू नका. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे दोन देशांची कोर्टं वेगवेगळं बोलतात आणि मूल मध्ये अडकतं.

लपवून केलेला घटस्फोट अर्धाच होतो, हे मला कायद्याने शिकवलं. दोन्ही माणसांनी समोर येऊन हो म्हटलं, म्हणूनच आमचा कागद दोन्ही देशांत खरा ठरला. घरातही तसंच झालं. पुढच्या संक्रांतीला कोणीतरी माझी चौकशी केली, तेव्हा आई म्हणाली, “तिचा घटस्फोट झाला. बरी आहे आता.” आणि वाण पुढे केलं.