साठ यार्डांची धांव

कोणत्याही खेळाचें नियमांचें पुस्तक हातीं पडलें कीं तें कादंबरीसारखें वाचून काढण्याचा मला जुना नाद आहे. नियमाच्या प्रत्येक कलमामागें कोणाची तरी लबाडी, कोणाचें तरी मोडलेलें हाड, नाहीं तर प्रेक्षकांचा कंटाळा दडलेला असतो. अमेरिकन फुटबॉलमधील ‘किकऑफ’चें प्रकरण मीं असेंच वाचलें, आणि त्यांत या तिन्ही गोष्टी एकत्र सांपडल्या.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. नांवांत फुटबॉल असला तरी यांत पायाचें काम थोडें. लांबट चेंडू काखेंत मारून शंभर यार्डांच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकास न्यावयाचा, आणि प्रतिपक्षानें त्या गड्यास धरून भुईवर लोळवावयाचें, असा हा मामला आहे. सामन्याच्या व उत्तरार्धाच्या आरंभीं, तसेंच बहुतेक गुण झाल्यावर, एक पक्ष चेंडूस लाथ मारून तो दूर उडवितो. हाच किकऑफ. पलीकडचा गडी तो झेलून उलट धांवत सुटतो, आणि लाथ मारणाऱ्या पक्षाचे गडी त्यास अडविण्यासाठीं पन्नास-साठ यार्डांवरून मुसंडी मारीत येतात.

न्यू जर्सींत माझ्या भाच्याकडे मुक्कामास असतांना त्यानें मला २००७ सालच्या अंतिम सामन्याचें चित्रण दाखविलें. शिकागोच्या डेव्हिन हेस्टरनें सामन्याचा पहिलाच चेंडू झेलला आणि ९२ यार्ड धांवत जाऊन तो पलीकडे पोहोंचविला. सामना सुरू होऊन अवघीं चौदा सेकंदें झालीं होतीं! मला त्या खेळाचें ओ कीं ठो कळत नव्हतें. तरी मी खुर्चीवरून उठलों होतों. सर्व मैदान एका माणसाच्या अंगावर धांवून येत आहे आणि तो त्यांतून वाट काढीत आहे, हें दृश्य समजावयास नियम ठाऊक असावे लागत नाहींत.

परंतु त्याच धांवेंत दुसरेंही कांहीं आहे. १६ ऑक्टोबर २०१० रोजीं रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड किकऑफ अडवावयास असाच धांवत गेला, समोरच्या गड्यावर आदळला, आणि त्याचें मानेखालचें शरीर लुळें पडलें. त्याचे गुरु ग्रेग शियानो यांनीं पुढें किकऑफच काढून टाकावा अशी सूचना केली. आपल्या शिष्यास मैदानावर निश्चल पडलेला पाहिलेल्या माणसानें आणखी कोणती सूचना करावी?

वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ति चौपट होते, हें आपण शाळेंत घोकलेलें असतें. ‘आयव्ही लीग’ या आठ विद्यापीठांच्या गटांत २०१५ सालीं असें दिसून आलें कीं, एकंदर खेळींपैकीं किकऑफ अवघे सहा टक्के, पण मेंदूस हादरा बसण्याचे प्रकार त्यांत एकवीस टक्के. २०१६ सालीं त्यांनीं लाथ मारण्याची जागा ३५ यार्डांवरून ४० यार्डांवर नेली. चेंडू अधिक वेळां मैदानाच्या टोकापलीकडे जाऊं लागला, धांवावयाचें कारणच उरेना, आणि हजार किकऑफांमागें सुमारें अकरा हादरे बसत ते दोनांवर आले.

ही कल्पना नवी म्हणतां येणार नाहीं. व्यावसायिक संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगनें २०११ सालींच अशीच जागा पुढें सरकविली होती. किकऑफ बंद करावयाचा नाहीं, पण तो घडूंही द्यावयाचा नाहीं, असें हें धोरण! त्याचें फळ २०२४ च्या फेब्रुवारींतील अंतिम सामन्यांत दिसलें. त्या सामन्यांत तेरा किकऑफ झाले आणि तेरांतून एकही चेंडू घेऊन कोणी धांवलें नाहीं. नांदी झाली, पडदा वर गेला, आणि रंगभूमीवर कोणी आलेंच नाहीं, असें तेरा वेळां. सुरक्षिततेबद्दल तक्रार नव्हती. पण मग ही नांदी म्हणावयाची तरी कशासाठीं?

या इतिहासांतील मला सर्वांत आवडलेलें पात्र मात्र जुनें आहे. लॉरिन डीलँड हा गृहस्थ बुद्धिबळांत आणि नेपोलियनच्या मोहिमांत रमणारा. स्वतः फुटबॉल कधीं खेळलेला नाहीं. १८९२ सालीं त्यानें हार्वर्डच्या गड्यांस शिकविलें कीं, दोन तुकड्या करून दुरून धांवत या आणि पाचरीच्या आकारानें एकत्र होऊन शत्रूच्या एकाच माणसावर तुटून पडा. ही ‘उडती पाचर’ येलविरुद्ध वापरली गेली तीही किकऑफच्याच वेळीं. सामना हार्वर्डनें गमावला, पण युक्ति सर्वत्र पसरली, आणि दोन वर्षांत तिच्यावर बंदी आली. म्हणजे दूरवरून येणारी धांव हेंच विष आहे, हें १८९४ सालींच कळलें होतें. उमगलेली गोष्ट अंमलांत आणण्यास मात्र एकशेंतीस वर्षें लागलीं.

कारण २०२४ च्या नव्या नियमानें खेळ न काढतां तेवढी धांवच काढून घेतली. आतां लाथ मारणारा एकटा मागें राहतो. त्याचे दहा साथी थेट पुढें, प्रतिपक्षाच्या आघाडीपासून पांच यार्डांवर उभे असतात. चेंडू जमिनीस किंवा झेलणाऱ्याच्या हातास लागेपर्यंत त्यांनीं हलावयाचें नाहीं. चेंडू टोकापलीकडे घालवून मोकळें होणाऱ्यास दंडही ठेविला: प्रतिपक्षाचा डाव पहिल्या वर्षीं ३० यार्डांवरून सुरू होई, २०२५ पासून तो ३५ यार्डांवरून होऊं लागला. त्यासरशी अर्ध्याहून पुष्कळ अधिक चेंडू पुन्हां खेळले जाऊं लागले. प्रथमदर्शनीं हें सारें मोठें विचित्र दिसतें. जणूं छायाचित्रासाठीं उभे केलेले गडी! तरी मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

एक वस्तु मात्र त्यांत गेली. पूर्वीं लाथ मारणारा पक्ष अवचित चेंडू जवळच टोलवून तो स्वतःच बळकावूं शके. २०१० च्या अंतिम सामन्यांत न्यू ऑर्लिन्सचा संघ १०–६ असा मागें असतां त्यानें उत्तरार्धाचा आरंभच या हुलकावणीनें केला, चेंडू मिळविला आणि शेवटीं सामना ३१–१७ असा जिंकला. २०२५ सालीं ही खेळी फक्त पिछाडीवरील संघास करतां येई, आणि तीही आगाऊ कळवून. लाल महालावर छापा घालण्यापूर्वीं शाइस्तेखानास वर्दी धाडण्यासारखेंच हें झालें!

भाच्यापाशीं मीं ही कुरकुर केली. तो म्हणाला, “मामा, साथी पुढें उभे केल्यावर हुलकावणी लपवायची कुठें? ती हवी असेल तर ती साठ यार्डांची धांवही परत आणावी लागेल. चालेल तुम्हांला?” मला नाहीं म्हणावें लागलें. त्या रात्रीं तो निजावयास गेल्यावर मीं न्यू ऑर्लिन्सच्या त्या खेळीचें चित्रण आणखी दोनदां पाहिलें.