रस्त्याखालचा वली

आम्ही दोघे एकाच इमारतीत शिकवतो. सकाळी मराठी शाळा भरते, दुपारी उर्दू. वर्ग तेच, बाके तीच, फळा एकच. भांडणही एकच, फळ्याचे. सकाळचे गणित दुपारी पुसावे लागते आणि दुपारचा उर्दू धडा दुसऱ्या दिवशी सकाळी पुसला जातो. 'सर, तुमची उलटी अक्षरे बघून आमची मुले हसतात,' असे मराठीचे सर एकदा म्हणाले. त्यानंतर वर्षभर आमचे बोलणे कामापुरतेच उरले. आमच्यातला उर्दूवाला म्हणजे प्रस्तुत लेखक.

डिसेंबर २०१८ मध्ये एका शिबिरासाठी नेमके आम्हा दोघांनाच अहमदाबादला पाठवले. निघताना लेखकाच्या अम्मीने विचारले, 'दुसरं गाव नव्हतं का रे?' २००२ साली टीव्हीसमोर बसून तिने काढलेल्या रात्री ती विसरलेली नव्हती.

रात्री कालूपूर स्टेशनवर उतरलो. एका लॉजवर सरांचे आधार कार्ड पाहून मॅनेजरने किल्ली काढली. दुसरे कार्ड पाहिले आणि किल्ली परत खुंटीला लावली. खोली नाही म्हणाला. सर गप्प राहिले. आणखी दोन ठिकाणी तेच झाले, आणि तिथेही सर गप्पच राहिले.

रात्र स्टेशनवरच काढू म्हणून परत फिरलो आणि पोळांमध्ये वाट चुकलो. पोळ म्हणजे वेशीआडची वस्ती. आत गल्लीला गल्ली फुटते आणि पुष्कळदा भिंतीशी संपते. युनेस्कोने २०१७ मध्ये या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवले. आम्हाला त्या रात्री फक्त बाहेरची वाट हवी होती. पाट्या गुजरातीत, डोक्यावर रेघ नसलेल्या. अंदाजाने वाचत होतो. देवळाची गल्ली आली की सर पुढे आणि लेखक दहा पावले मागे. मशिदीची गल्ली आली की उलटे. पुढे कोणी चालायचे हे गल्ली ठरवत होती.

अशाच एका मशिदीच्या गल्लीत चार पोरांनी सरांच्या कपाळावरचे गंध पाहून त्यांना अडवले. 'कौन हो? किधर जाना है?' लेखकाला ऐकू आले होते. तरी तो पुढे चालत राहिला. लॉजमधल्या गप्प राहण्याची ती परतफेड होती. सरांचा आवाज कापला, तेव्हा कुठे तो मागे वळला. 'मेरे साथ हैं,' म्हणाला. त्यातल्याच एका पोराने मग आम्हाला स्टेशनपर्यंत आणून सोडले.

प्रतीक्षागृहात झोप येईना. सरांनीच विषय काढला. 'उद्या शिबिर दुपारी आहे. सकाळी कुठे जायचे आहे का तुम्हाला?' लेखकाने वलीचे नाव घेतले. वली आपल्याच औरंगाबादचा. दिल्लीत फारसीचा दबदबा होता, तेव्हा त्याने लोकांच्या बोलीत गझल लिहिली. १७०० साली तो दिल्लीला गेला. पुढे त्याचा दीवान तिथे पोचला आणि दिल्लीचे शायर उर्दूकडे वळले. मुहम्मद हुसेन आझादांनी 'आब-ए-हयात'मध्ये त्याला उर्दू काव्याचा आदम मानले. दकन त्याला आपला म्हणतो, गुजरातही आपला म्हणतो. १७०७च्या सुमारास तो अहमदाबादेत वारला. शाहीबागेत त्याची मजार होती. २००२च्या दंगलीत ती पाडली आणि तिच्यावर डांबर टाकून रस्ता सपाट केला. पोलीस आयुक्तांची कचेरी तिथून जवळच आहे.

सर म्हणाले, 'जाऊ या.'

सकाळी शाहीबागेत दोन रिक्षावाल्यांना विचारले. त्यांना ठाऊक नव्हते. एका म्हाताऱ्या चहावाल्याने न बोलता हनुवटीने रस्त्याकडे दाखवले.

'कबर कुठे आहे?' सरांनी विचारले.

'बस चालली आहे ना, तिथे.'

सर बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. 'साधी पाटीसुद्धा नाही,' म्हणाले. लेखकाने फातिहा पढला. तोवर सर बाजूला दोन्ही पिशव्या धरून उभे होते. मग म्हणाले, 'सर, काउंटरवर मी बोलायला पाहिजे होते.'

'आणि गल्लीत मी.'

यापलीकडे आम्ही माफी मागितली नाही.

परतल्यावर आमची गट्टी जमली, असे कुणी समजू नये. खडूवरून आजही वाजते. वलीच्या गावाचेही नाव २०२३ मध्ये बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. त्यावर आमची मते दोन आहेत आणि दोन्ही कडक आहेत. पण त्या डिसेंबरात शाळेत परतल्यावर लेखकाने मुलांना वलीचा धडा शिकवला आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्याचे नाव लिहिले. पुसायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग उघडला, तर नाव तसेच होते. सकाळचे गणित उरलेल्या जागेत दाटीवाटीने मांडलेले होते.