आखाजीचा पाहुणा

धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेले कुत्रे सर्वांना ठाऊक असते. कीर्तनकारांनी त्याला अमर करून ठेवले आहे. पण महाभारताच्या आरंभीही एक कुत्रे आहे. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असते. तिथे सरमा नावाच्या देवशुनीचे पिल्लू येते आणि राजाचे तिघे भाऊ त्याला बडवून काढतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आई म्हणते, तूच काही आगळीक केली असशील. पिल्लू सांगते, हविर्द्रव्याला तोंड लावणे दूरच, मी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मग सरमा उठते, थेट मंडपात जाते आणि राजाला जाब विचारते. राजापाशी उत्तर नसते. निरपराध्याला मारलेत, तेव्हा न दिसणारे भय तुमच्यावर कोसळेल, असा शाप देऊन ती निघून जाते. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या तोंडाशीच व्यासांनी मार खाल्लेले एक पिल्लू बसवून ठेवले आहे, ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटते. आणि गेल्या आखाजीला आमच्या अक्काबरोबर एक लोखंडी पिंजरा घरी आला, तेव्हापासून तर सरमेची ती फिर्याद मनातून जातच नाही.

देशावरची माणसे जिला अक्षय तृतीया म्हणतात आणि गुंजभर सोने घेऊन मोकळी होतात, ती आम्हां खानदेशी लोकांची आखाजी. आमच्याकडे तो लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. अक्काने आता सत्तरी गाठली आहे. आईवडील कधीच गेले, तेव्हा तिचे माहेर म्हणजे जळगावातले माझे घर. दरवर्षी ती धुळ्याहून एसटीने येते. हातात एक पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि कळण्याचे पीठ. यंदा मात्र भाच्याने मोटार केली होती. पारोळा, एरंडोल करीत नव्वद किलोमीटरांचा रस्ता तुडवून ती दाराशी थांबली आणि आधी उतरला तो पिंजरा. त्यात अडीच-तीन महिन्यांचे लॅब्राडोर जातीचे एक पिवळसर पिल्लू आपल्याच मूत्रात बसले होते. शेपूट तेवढे हालत होते.

भाचा म्हणाला, "मामा, पंधरा दिवस इथं ठेवा. नाहीच सुधारला तर साक्री रस्त्याला एकाचं मळ्यातलं घर आहे, तो साखळीला बांधायला न्यायला तयार आहे. रोज संध्याकाळी हे धुणं आता माझ्यानं होत नाही."

अक्का काही बोलली नाही. ती मुकाट्याने पायरीवर बसली. तिच्या त्या न बोलण्याकडे माझ्या बायकोने एकदा पाहिले आणि पाण्याची बादली घेऊन ती पुढे झाली. घरात देव आहेत, सोवळेओवळे आहे, हे सारे ती एरवी मोठ्याने म्हणाली असती.

अक्काचा संसार जुन्या धुळ्यात गेला. तिथल्या गल्ल्या नंबराने ओळखल्या जातात. पत्ता विचारला की माणूस आकडा सांगतो. तिच्या घराला रुंद ओटा होता आणि ओट्यावर मोत्या नावाचे एक गावठी कुत्रे असे. मोत्याला कोणी काही शिकवले नाही. तो उंबरा ओलांडीत नसे आणि ओट्यावर घाण करीत नसे. पुढे मेहुणे गेले, घराच्या वाटण्या झाल्या आणि भाच्याने पांझरेपलीकडे देवपुरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा घेतली. भाचा औषधांच्या धंद्यात. सकाळी नऊला बाहेर पडतो, कधी शिरपूर, कधी नंदुरबार. आईला सोबत म्हणून त्याने हे पिल्लू आणले. हेतू चांगलाच होता. नाव ठेवले ब्रूनो. अक्काच्या जिभेला ते वळेना, म्हणून ती त्याला बाळ्या म्हणते.

विकणाऱ्याने पिल्लू पंचेचाळीस दिवसांचे म्हणून दिले होते. या धंद्यात हा आकडा कसा कोण जाणे, सर्रास चालतो. वास्तविक २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असे स्पष्ट लिहिले आहे. पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडेही होत नाहीत. बरे, ते पंचेचाळीस दिवस गेले कुठे? जाळीच्या पिंजऱ्यात. खाली वर्तमानपत्र, त्यावर पाच भावंडे, तिथेच दूध, तिथेच झोप आणि तिथेच बाकीचे सगळे.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. कुत्र्याची जात मुळात अंथरुणाच्या बाबतीत स्वच्छ. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतः होऊन मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. आई पोट चाटते तेव्हा ते होते, आणि तीच ते साफ करते. पाय फुटले की पिल्लू लडबडत अंथरुणाबाहेर जाऊ लागते. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी पिल्लांच्या वाढीचा कितीतरी वर्षे अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. साडेआठ आठवड्यांच्या सुमारास पिल्लू त्यासाठी ठरावीक जागा निवडू लागते, असे त्यांना आढळले. आमच्या खेड्यातले पिल्लू कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली जन्मते. तिथून चार पावलांवर खळे, उकिरडा, नाही तर नुसती माती. त्याला शिकवायला कोणी लागत नाही. मोत्याचे गूढ ते एवढेच.

आता ज्या पिल्लाला चार पावले टाकायला जागाच मिळाली नाही, त्याने काय करावे? पंजाखाली कागद लागला की हीच ती जागा, असे त्याच्या अंगात मुरले. भाच्याने मोठ्या प्रेमाने पिंजऱ्यात रोज ताजे वर्तमानपत्र अंथरले. त्यात पिंजराही घेतला तो मोठे कुत्रे मावेल असा. एका कोपऱ्यात निजावे आणि दुसऱ्या कोपऱ्यात उरकावे, अशी ऐसपैस सोय. म्हणजे बाळ्या अशिक्षित नव्हता. तो चांगला शिकलेला होता, फक्त धडाच उलटा होता. आणि तो धडा नेमाने गिरवल्याबद्दल त्याला रोज संध्याकाळी शिक्षा होई. शेजारच्या कोणी तरी सांगितले होते, नाक त्यातच घासा. चार तासांपूर्वीच्या गोष्टीसाठी आता नाक का घासले जाते, हे पिल्लाला कसे उमगणार? त्याला एवढेच कळले की, संध्याकाळी दार उघडते आणि माणूस रागावतो. भाच्याचा आवाज आला की ते कोपऱ्यात चेपून बसे आणि भीतीने आणखी थोडे सोडी. सरमेने जाब विचारावा असाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. पोटात जंत निघाले. जंत असतील, हगवण असेल किंवा मूत्राला जळजळ असेल तर जगातली कोणतीही शिस्त चालत नाही. आधी औषध, मग शाळा. डॉक्टरांनी गाईचे दूध बंद करायला सांगितले, कारण ते पुष्कळ पिल्लांना पचत नाही. आमच्या घरी मात्र कुत्र्याला दूध-भाकरी हा वेदवाक्यासारखा नियम! बायकोला ते पटवता पटवता डॉक्टरांच्या औषधापेक्षा जास्त दिवस लागले. हिशेबही त्यांनीच मांडून दिला. पिल्लाचे वय जितके महिने, तितके तास ते दिवसा कसेबसे धरू शकते, फार तर एखादा अधिक. तीन महिन्यांच्या जिवाला नऊ ते सहा कोंडले तर उत्तर काय येणार, हे सांगायला गणिती नको.

मग आम्ही कामाला लागलो. कागद पूर्ण बंद केला. फळी लावून पिंजरा लहान केला. बाळ्याला उभे राहता येईल, वळता येईल, पाय पसरून निजता येईल, एवढाच. आत जुने जाड लुगडे घातले. जेवण पिंजऱ्यात, दार उघडे. फिनेलला रजा दिली. एक तर ते पिल्लाच्या जिभेला घातक, आणि त्याचा वास आपल्या नाकाला फसवतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. साबणाचे कोमट पाणी, वर थोडे व्हिनेगर, आणि नंतर जळगावचे ऊन. वैशाखातले आमचे ऊन माणसाचे प्राण घेते; पण वास घालवण्याच्या कामी त्याच्यासारखा नोकर मिळायचा नाही.

अंगणाच्या टोकाला निंबाखाली काळ्या मातीचा एक तुकडा नेमून दिला. झोपेतून उठला की तिथे, जेवला की पावघटकेने तिथे, खेळून दमला की तिथे. नुसते सोडून यायचे नाही, उभे राहायचे. झाले की तिथल्या तिथे कौतुक. घरात येऊन केलेले कौतुक त्याच्या हिशेबी दुसऱ्याच कशाचे तरी असते. हे उभे राहण्याचे काम अक्काने घेतले. गुडघे दुखतात म्हणून देवपुरात जिन्याला हात न लावणारी अक्का इथे दिवसातून दहा वेळा अंगणात जाऊ लागली. जिना नव्हता, हे खरे. तेवढेच कारण असेल असे मात्र मला वाटत नाही.

थंड मुलखातली पुस्तके सांगतात की, निजण्यापूर्वी दोन तास पाण्याचे भांडे उचलून ठेवा. पारा चव्वेचाळिसावर गेलेला असताना हा सल्ला पाळायचा म्हणजे पिल्लू मारायचे. तेव्हा पाणी ठेवले आणि आपली झोप मोडायचे ठरवले. तसेही उन्हाळ्यात आम्ही घरात निजत नाही. अक्काची खाट अंगणात, खाटेशी पिंजरा. रात्री दोनच्या सुमारास आतून बारीक कुईकुई ऐकू येई. मी गच्चीवरून पाही. अक्का उठे, पदर खोचून पुढे चाले, मागून ते पिवळे गाठोडे. मग निंबाखालून तिचे बोलणे ऐकू येई. बाळ्याचे काम मिनिटाभराचे. अक्काचे बोलणे मात्र बराच वेळ चाले. मेहुण्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. या तीन वर्षांत मी तिला एवढे बोलताना ऐकले नव्हते. काय बोलत होती ते ऐकण्याचा मी प्रयत्न केला नाही.

नवव्या दिवशी पिंजरा सकाळपर्यंत कोरडा राहिला. दहाव्या दिवशी पुन्हा भिजला. त्यानंतर पाच दिवस कोरडा, मग एकदा पाहुण्यांच्या गडबडीत दुपारी कोणाचे लक्ष नव्हते तेव्हा भिजला. अशा गोष्टी सरळ रेषेत जात नाहीत. पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. भाच्याचा फोन आला की अक्का म्हणे, "अजून थोडा कच्चा आहे रे." हे तिने तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा पिंजरा सलग नऊ दिवस कोरडा होता.

मृगाच्या सुमारास भाचा न्यायला आला. माहेरवाशिणीला साडी, खण, नारळ द्यायचा तो दिला. त्याखेरीज अक्काने मागून घेतली ती निंबाखालची दोन घमेली माती. देवपुराच्या गॅलरीत ठेवायला एक उथळ पाटी, तिच्यात ही माती. बाळ्याच्या पंजाला ओळखीची, आणि जिना उतरायला नको. पिंजऱ्याच्या दाराची कडी भाच्याने माझ्यादेखत काढून खिशात घातली. साक्री रस्त्याचे नाव कोणी काढले नाही.

परवा अक्काचा फोन आला होता. पावसाचे पाणी गॅलरीत येते, मातीचा चिखल होतो आणि त्या चिखलाचे पंजे थेट देवघरापर्यंत उमटतात, अशी तिची तक्रार आहे. मी म्हटले, पाटीवर पत्रा घाल. "पत्र्यावर पाऊस वाजतो," ती म्हणाली, "बाळ्या भितो ना रे."